दाराबाहेरचा कॅमेरा

२०२२ चा जुलै. महिन्याभरात लेक कॉलेजला जाणार म्हणून घरभर खोकी पसरली होती. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. ती फ्रीजला टेकून उभी होती आणि जरा चाचरतच म्हणाली, "आई, मी रश करायचं म्हणतेय."

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलांची मंडळं असतात त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या मंडळांना सोरोरिटी; नावं ग्रीक अक्षरांची आणि सदस्यांना राहायला बहुधा स्वतःचं घर. त्यांच्यात शिरण्यासाठी कॉलेज सुरू होताना जी निवड चालते, तिला इथे रश म्हणतात. तेवढं मला ठाऊक होतं. मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही, एकदम "नाही" म्हणाले. का, तर कारणं तोंडावरच होती. दारू, धिंगाणा, एकाच साच्यातून काढल्यासारख्या सोनेरी केसांच्या मुली, त्यांच्याकडे बघणारी ती पोरं आणि रात्री तीन वाजता वाजणारा फोन.

ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "तू कधी गेलीयेस अशा एखाद्या घरात?"

नव्हते गेले. इलिनॉयमध्ये संसार मांडून बावीस वर्षं झाली होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दरवर्षी दोनशे मोदक वळायचे, मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचे. पण ग्रीक अक्षरं लावलेल्या एकाही घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता.

"मग तुला हे सगळं कुठून कळलं?"

त्या प्रश्नाने मी लाटणं खाली ठेवलं. मला जे काही माहीत होतं ते सगळं पडद्यावरून आलेलं होतं. काही सिनेमातून, काही बातम्यांतून, आणि अलीकडे फोनवरच्या चाळीस-चाळीस सेकंदांच्या व्हिडिओंतून. गेली तीन-चार वर्षं मी हाच धागा पकडून बसले आहे. पडदा या घरांचं काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे मला समजून घ्यायचं होतं, कारण माझी मुलगी त्या पडद्यामागे जाऊन राहणार होती.

नव्याने अमेरिकेत आलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी आम्हाला मुद्दाम 'ॲनिमल हाऊस' दाखवला होता. इथलं कॉलेज समजून घ्यायचं तर हा बघाच, म्हणाले. १९७८ चा सिनेमा, कथा १९६२ सालातल्या फेबर नावाच्या काल्पनिक कॉलेजातली. त्याच्या लेखकांपैकी ख्रिस मिलर डार्टमथ कॉलेजात शिकलेले. तिथल्या अल्फा डेल्टा या फ्रॅटर्निटीतल्या त्यांच्या आठवणी कथेच्या मुळाशी आहेत. चित्रीकरण झालं ऑरेगन विद्यापीठाच्या आवारात. सुमारे ३० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने एकट्या अमेरिकेत १४ कोटींच्या आसपास कमाई केली. इथली कॉलेज कॉमेडी त्यानंतर याच वाटेने चालत राहिली. पांढऱ्या चादरी गुंडाळून करायच्या टोगा पार्टीची लाट देशभरच्या कॉलेजांत त्या सिनेमामुळेच पसरली. त्यातला नट जॉन बेलुशी ज्यावर नुसतं 'कॉलेज' लिहिलंय असा स्वेटशर्ट घालतो. लेकीच्या ओरिएंटेशनला आम्ही गेलो तेव्हा कॅम्पसजवळच्या दुकानात तो टांगलेला होता. चव्वेचाळीस वर्षं झाली होती सिनेमाला, आणि तो घेणारी पोरं अठरा वर्षांची होती.

त्या सिनेमातला एक प्रसंग मला तेव्हापासून खुपत होता, पण का ते पुष्कळ उशिरा कळलं. एका नव्या मुलाला चड्डीवर ओणवं उभं केलंय. मागून लाकडी फळीचे फटके बसताहेत आणि प्रत्येक फटक्यानंतर तो मारणाऱ्याचे आभार मानून आणखी एक मागतो. तो मुलगा झालेल्या केव्हिन बेकन या नटाचा तो पहिलाच सिनेमा. दिवाणखान्यात सगळे पोट धरून हसत होते. मी हसले नाही. माझ्या धाकट्या भावाला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी रात्र-रात्र उघड्याने उभं केलं होतं. तो दिवाळीला घरी आला तेव्हा महिनाभर दाराला कडी लावून झोपायचा. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, पण तो त्याच्या उपयोगी पडला नाही. त्याचं शिक्षण तोवर संपलं होतं.

इथे त्याला हेझिंग म्हणतात. वरवर पाहिलं तर ते आपलं रॅगिंगच वाटतं. पण एक फरक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. रॅगिंग वसतिगृहात आलेल्या कुणाच्याही वाट्याला येतं, त्याने काही मागितलेलं नसतं. हेझिंग मात्र ज्याला आत यायचंच आहे त्याचं होतं. "आत यायचंय ना? मग सोस." म्हणून ते पोर नाही म्हणत नाही, पळून जात नाही, घरी सांगत नाही. आणि नंतर बाहेरचे लोक विचारतात, तो गेलाच कशाला तिथे?

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात एक १९ वर्षांचा मुलगा गेला. प्रवेशाची रात्र होती. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ८२ मिनिटांत त्याला किमान १८ पेयं पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं गेलं आणि मदतीसाठी फोन केला गेला तो सुमारे बारा तासांनी. हे सगळं इतक्या बारकाईने कळलं, कारण त्या घरात कॅमेरे होते. सिनेमाचे नव्हेत, बातम्यांचेही नव्हेत, भिंतीवर लावलेले साधे सुरक्षा कॅमेरे. कुणासाठी काही सजवलेलं नव्हतं, संगीत नव्हतं, की हशा नव्हता. एक पोरगा धडपडत उठतो, पडतो, पुन्हा उठतो आणि आजूबाजूने मुलं ये-जा करतात. त्याच्या आईवडिलांनी हे समजून घेतलं आणि मग ते थांबले नाहीत. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने हेझिंगविरोधी कडक कायदा केला. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला, त्यानुसार कॉलेजांना अशा घटनांची माहिती जाहीर करावी लागते. त्या आईवडिलांची छायाचित्रं मी पाहिली आहेत. ती पाहताना मला दर वेळी तो ओणवा उभा असलेला, आभार मानणारा मुलगा आठवतो आणि आमच्या दिवाणखान्यातलं ते हसू.

मी असं म्हणत नाही की सिनेमाने कुणाचा जीव घेतला. पण जी गोष्ट चाळीस वर्षं हसण्यावारी नेली गेली, ती डोळ्यांसमोर घडत असताना "हे असंच असतं" असं वाटणं किती सोपं झालं असेल, हे मला दिसतं.

बातम्यांचं आणखी निराळं. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची एक मोठी कहाणी छापली. पहिल्या वर्षाची मुलगी, फाय काप्पा साय या फ्रॅटर्निटीचं घर, पार्टी, अंधारी खोली, सातजण. मी ती त्या आठवड्यातच वाचली होती, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. विद्यापीठाने सगळ्या फ्रॅटर्निटींचे कार्यक्रम थांबवले, त्या घराच्या खिडक्या फुटल्या. मग 'वॉशिंग्टन पोस्ट'ने तपशील पडताळायला सुरुवात केली आणि कहाणी उसवत गेली. सांगितलेल्या रात्री त्या घरात पार्टीच नव्हती. पोलिसांना त्या कहाणीला दुजोरा देणारं काही सापडलं नाही. ज्यांच्यावर आरोप होता त्यांना, आणि त्या रात्री मुलीला भेटलेल्या मित्रांना लेखिकेने गाठलंच नव्हतं. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने चौकशी केली आणि ५ एप्रिल २०१५ ला मासिकाने लेख मागे घेतला. पुढे त्या विद्यापीठातल्या एका अधिकारी बाईंना लेखामुळे झालेल्या बदनामीबद्दल ज्यूरीने ३० लाख डॉलरची भरपाई दिली आणि फ्रॅटर्निटीशी साडेसोळा लाखांवर तडजोड झाली.

इतक्या अनुभवी संपादकांनी साधी चौकशी का केली नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. आता वाटतं, ती कहाणी त्यांना ओळखीची वाटली. पडद्यावर इतक्या वर्षांत जे चित्र तयार झालं होतं त्यात ती नेमकी बसत होती. मलाही ती तशीच बसलेली वाटली होती, मी तरी कुठे शंका घेतली? आणि याची सगळ्यात मोठी किंमत कुणी मोजली असेल, तर त्यानंतर खरी तक्रार घेऊन उभ्या राहिलेल्या मुलींनी. त्यांच्याकडे लोक आधीच अविश्वासाने बघायला लागले होते.

खरं सांगायचं तर मुलींच्या आईला काळजी करायला खोट्या कहाणीची गरज नाही. एक साधा नियम पुरेसा आहे, आणि तो मला कुठल्याही सिनेमात समजला नाही. बहुतेक राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरात दारूला बंदी असते. ऐकायला किती चांगलं! पण मग पार्टी होते मुलांच्या घरात. दार त्यांचं, दारू त्यांची, आत कुणाला घ्यायचं ते ठरवणार ते, आणि कुठली खोली कुणाला माहीत, तर त्यांनाच. मुलगी तिथे कायम पाहुणी. कितीतरी गोष्टींचं मूळ या एका व्यवस्थेत आहे. पण नियमाचं चित्रीकरण करता येत नाही, म्हणून पडद्यावर पार्टी येते आणि नियम येत नाही.

सोरोरिटी म्हटली की पडद्यावर गुलाबी रंग आलाच. २००१ च्या 'लीगली ब्लाँड'मधली एल वूड्स डेल्टा नू या काल्पनिक सोरोरिटीची अध्यक्ष. तिला सगळे हसतात, पण कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला ती बसते तेव्हा तिच्या अभ्यासासाठी राबतात त्या सोरोरिटीतल्या मैत्रिणीच. तेवढा भाग मला खरा वाटतो आणि जवळचाही. बाकी बहुतेक ठिकाणी या मुली म्हणजे शोभेच्या बाहुल्या, नाहीतर एकमेकींच्या वाईटावर टपलेल्या.

या संघटनांचं मूळ शोधायला लागले तेव्हा मात्र मला वेगळंच काही सापडलं. मुलांच्या अशा मंडळांची सुरुवात १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा काप्पाने झाली. मुलींच्या संघटना आल्या त्यानंतर पाऊणशे वर्षांनी. १८५१ मध्ये जॉर्जियातल्या मेकनला वेस्लियन कॉलेजच्या मुलींनी स्वतःची सभा काढली. आमच्याच इलिनॉयमध्ये मनमथ नावाचं छोटं गाव आहे. तिथे २८ एप्रिल १८६७ ला बारा विद्यार्थिनी एका घरातल्या वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत जमल्या आणि त्यातून पाय बीटा फाय उभी राहिली. कॉलेजात मुलींना नुकतंच कुठे येऊ दिलं जात होतं. वर्गात त्या मूठभर, मुलांची मंडळं त्यांना बंद. मग त्यांनी आपलं दार आपणच केलं.

'सोरोरिटी' हा शब्दही तेव्हाचाच. सिरॅक्यूज विद्यापीठात मुलींच्या संघटनेलाही फ्रॅटर्निटीच म्हणत, म्हणजे भावांचं मंडळ. १८८२ मध्ये तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी बहिणीसाठीच्या लॅटिन शब्दावरून नवा शब्द घडवला. हे वाचताना मला सारखी आनंदीबाई जोशींची आठवण येत होती. त्या अमेरिकेत पोहोचल्या १८८३ मध्ये, म्हणजे लगेच पुढच्या वर्षी. वय अवघं अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात थंडीने कुडकुडत, नऊवारीत, एकट्या. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानत. परक्या मुलुखात शिकायला आलेल्या मुलीला आधी नातं लागतं, मग पुस्तकं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं. त्या बारा मुलींनीही नातंच तर जोडलं होतं. बहीण हा शब्द उगाच निवडलेला नव्हता.

काळ्या विद्यार्थिनींचा इतिहास तर याहून थोर आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा काप्पा अल्फा स्थापन झाली. कमला हॅरिस तिच्याच सदस्य. १९१३ मध्ये तिथेच डेल्टा सिग्मा थीटा निघाली आणि जेमतेम दोन महिन्यांत, ३ मार्चला, त्या मुली स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. त्यांचं हे पहिलं जाहीर काम. काळ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या मिळून अशा नऊ संघटना आहेत, कॉलेज संपल्यावरही आयुष्यभर सदस्य त्यात राबतात. स्पाइक ली यांचा १९८८ चा 'स्कूल डेझ' आणि आणखी मोजकी उदाहरणं सोडली, तर मोठ्या पडद्याला यांच्याकडे बघायला सवड झालेली नाही. आपल्याकडच्या मुलींनीही इथे आपल्या सोरोरिटी काढल्या. १९९८ मध्ये टेक्ससात डेल्टा फाय ओमेगा आणि काप्पा फाय गामा, न्यूयॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो. आमच्या मंडळातल्या दोघींच्या मुली त्यात आहेत, हे मला पंचवीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. आयांनाच सांगायला संकोच वाटत होता. त्यांनीही तेच सिनेमे पाहिले होते ना!

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती.

अलाबामा विद्यापीठ. जून १९६३ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तिथल्या दारात स्वतः उभे राहिले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तिथल्या 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने एक बातमी छापली. एक काळी मुलगी, उत्तम गुणांची, चांगल्या घरची, रशमध्ये उतरली होती आणि गोऱ्या मुलींच्या एकाही सोरोरिटीने तिला घेतलं नाही. असं दरवर्षीच होत असणार, त्यात बातमी कसली? बातमी ही होती की आतल्या काही मुलींना ती हवी होती, आणि त्यांना अडवलं जुन्या सदस्य बायकांनी. त्या मुली बोलल्या. एकीने तर नाव देऊन सांगितलं. दोन विद्यार्थी बातमीदारांनी बंद खोलीत निवड कशी होते ते विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत सोडलं नाही. देशभर खळबळ उडाली, विद्यापीठाला सोरोरिटींचे प्रवेश पुन्हा खुले करावे लागले आणि त्या हिवाळ्याआधी काही काळ्या मुलींना त्या घरांचं बोलावणं आलं.

मला ती बातमी फार मोठी वाटते. तिच्यात पार्टी नाही, अंधारी खोली नाही, कुणाचं प्रेत नाही. फक्त एक प्रश्न आहे: कोण निवडतं?

आणि मग आठ वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तेच विद्यापीठ पुन्हा जगभर गाजलं. त्याच सोरोरिटींच्या रशला उतरलेल्या मुली रोज सकाळी टिकटॉकवर आज कुठला ड्रेस, कुठले बूट, कुठलं कानातलं ते सांगायला लागल्या. लाखो लोक बघत होते. माझी लेक तेव्हा अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावर, तिने पहिल्यांदा रश बघितली ती तिथेच. मीही तिच्या खांद्यावरून बघायची. किती गोड मुली, किती उत्साह! २०२३ मध्ये त्यावर माहितीपटही आला. पण त्या व्हिडिओंत कॅमेरा कायम दाराच्या बाहेर. मुलगी जिना चढते, दार उघडतं, आतून टाळ्या आणि गाणी ऐकू येतात, दार मिटतं. २०१३ मध्ये त्या दोघांनी जिथे पाय रोवून प्रश्न विचारला होता, तिथे आता बुटांची किंमत विचारली जात होती. मुलींचा यात काय दोष? अठरा वर्षांच्या पोरी, हौसेने नटतात. पण एवढ्या मोठमोठ्या वाहिन्यांनी, वर्तमानपत्रांनी त्यांच्यामागे धावत जाऊन बूटच मोजावेत, याचा मला राग येतो. अजूनही येतो.

शेवटी मी हो म्हणाले. ज्या गोष्टीला मी स्वतः पाहिलेलं नाही तिच्यावरून लेकीला अडवायचं मला जमेना.

तिच्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. घरापासून पाच तासांवर आहे. रशच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, मी तिथे पोहोचले, कारण ती राईस कुकर घरीच विसरली होती आणि मलाही निमित्त हवं होतं. त्या दिवसाला बिड डे म्हणतात. दुपारी हिरवळीवर सगळ्या मुलींना लिफाफे मिळतात, एकाच वेळी फोडायचे असतात, आणि मग किंचाळत, धावत आपापल्या घराकडे जायचं असतं. ते धावणं तुम्हीही फोनवर कुठेतरी पाहिलं असेल.

मला माहीत नव्हतं ते सकाळचं. ज्या मुलींना कुठेच जागा मिळालेली नसते त्यांना हिरवळीवर बोलावत नाहीत. सकाळी त्यांना फोन येतो. आठवडाभर त्यांना सांभाळणारी एक मोठी विद्यार्थिनी असते, ती करते. हिरवळीवर सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने उभं राहावं लागू नये म्हणून ही पद्धत. हेतू चांगलाच आहे. पण त्यामुळे त्या सकाळी वसतिगृहातल्या शेकडो मुली उशाशी फोन ठेवून एकच मनात म्हणत असतात, वाजू नकोस. लेकीने मला नंतर सांगितलं, आठ ते दहा ती आणि तिची रूममेट पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. दोघींचे फोन मधल्या टेबलावर पालथे ठेवलेले. नऊ वाजून काही मिनिटांनी टेबल थरथरलं. दोघींनाही कळेना कुणाचा वाजतोय.

रूममेटचा होता. अटलांटाकडची तेलुगू मुलगी. लेकीहून हुशार, बोलायला चटपटीत. मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणणारी.

मी कुकर घेऊन वर गेले तेव्हा लेक हिरवळीवर गेलेली होती आणि ही तळघरातल्या लाँड्रीत कपडे वाळवत होती. रविवारी दुपारी सगळं वसतिगृह रिकामं, आणि एकटं ड्रायर घुमतंय. तिने मला पाहून डोळे पुसले, हसली आणि म्हणाली, "काकू, ही कडांना इलॅस्टिक असलेली चादर कशी घडी घालायची हो? मला कधीच जमत नाही." मी कोपऱ्यात कोपरा घालून दाखवला. दोन वेळा तिने उलगडली, दोन वेळा घातली. छताजवळच्या अरुंद खिडकीतून बाहेरच्या मुलींची धावती पावलं दिसत होती, एकीकडून दुसरीकडे, आणि तो आवाज. आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही. तिला भूक लागली होती. मी लेकीसाठी आणलेला चिवडा तिथेच मशीनवर उघडला.

लेकीचं सांगायचं तर तिला तिच्या सोरोरिटीने पुष्कळ दिलं. पुढच्या वर्षी आयांच्या शनिवार-रविवारला मी त्या घरात राहून आले. स्वयंपाकघरात दारामागे भांडी घासायच्या पाळ्यांचा तक्ता होता, त्यावर पेनने खाडाखोड करून पाळ्या बदललेल्या. जिन्याखाली सगळ्यांच्या ओल्या छत्र्या. तिला फ्लू झाला तेव्हा तिच्या 'बिग'ने, म्हणजे तिथल्या तिच्या मोठ्या बहिणीने, दोन रात्री उशाशी बसून काढल्या आणि मला दर चार तासांनी ताप किती ते कळवलं. हे कुणी पडद्यावर दाखवलं असतं तर मी त्या जुलैत ओट्याशी एवढी घाबरले नसते. पण लेकीनेही दुसऱ्या वर्षी निवडीच्या खोलीत बसल्यावर मला फोन केला होता. बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, पाच मिनिटांच्या गप्पांवरून आम्ही मुलींना गुण देतो." तिने त्यानंतर त्या कामातून नाव काढून घेतलं.

त्या बिड डेच्या रात्री परतीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर थांबले होते, तेव्हा रूममेटच्या आईचा फोन आला. आम्ही एकदाच भेटलो होतो, सामान चढवताना. चिवड्याबद्दल आभार मानायला केलाय म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फिरला. मुलीने या वर्षीच्या रशसाठी सहा महिने तयारी केली होती, त्या स्वतः तिच्याबरोबर बसून सगळे व्हिडिओ बघायच्या. कपडे कसे, बोलायचं कसं, हसायचं कसं, सगळं वहीत लिहून काढलं होतं.

"एवढे व्हिडिओ बघितले मी," त्या म्हणाल्या, "पण आत बसून त्या ठरवतात कसं, ते कुठे दाखवलंय का हो? तुमच्या बघण्यात एखादा आला का?"

मी शोधला होता. मला एकही मिळाला नव्हता.